कॉम्प्युटर तापतोय? थर्मल पेस्ट घ्यायच्या आधी आणि लावताना एवढं नक्की बघा

मे महिन्यात गिरगावातून मामाचा फोन आला, "अरे परत बंद पडलं बघ, पत्रिकेची फाइल गेली सगळी." मामा घरूनच डीटीपीचं काम करतो, लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, वास्तुशांतीची आमंत्रणं, आणि ऐन सीझनमध्ये संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास त्याचा कॉम्प्युटर काही न सांगता धाडकन बंद व्हायचा. जवळच्या एका दुकानात दाखवलं तर तिथे न उघडताच सांगितलं की प्रोसेसर गेलाय, नवीन मशीन घ्या. मामा जवळजवळ पैसे काढून बसला होता. मी म्हटलं, मामा थांब, शनिवारी येतो, आधी उघडून बघू.

त्या शनिवारी जे केलं आणि त्याआधी दोन-चार मशीनवर जे शिकलो ते सगळं इथे लिहितोय, कारण "तापतोय ना, मग पेस्ट बदल" हे सगळे सांगतात पण पेस्टचाच प्रॉब्लेम आहे की नाही हे आधी कसं ओळखायचं ते कोणी सांगत नाही. आणि माझं ठाम मत आहे की पेस्ट कुठल्या ब्रँडची यापेक्षा कूलर (प्रोसेसरवर बसवलेला धातूचा ठोकळा आणि त्यावरचा फॅन) नीट दाबून सरळ बसलाय का आणि आधी-नंतरचं टेम्परेचर तुम्ही लिहून ठेवलंय का या दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या आहेत.

पेस्ट नेमकं काय करते ते आधी बघू, कारण ते कळलं की किती लावायची, कशी लावायची हे आपोआप कळतं. प्रोसेसरच्या वरचं धातूचं झाकण आणि कूलरचा तळ हे दोन्ही दिसायला एकदम गुळगुळीत असले तरी बारीक बारीक खड्डे आणि ओरखडे असतातच, दोन्ही एकमेकांवर ठेवले की मधल्या फटींमध्ये हवा अडकते. हवा म्हणजे उष्णतेसाठी जवळजवळ गोधडीच. आकड्यात सांगायचं तर उष्णता वाहून न्यायची हवेची क्षमता साधारण ०.०२६ वॅट पर मीटर केल्विन, बऱ्यापैकी पेस्टची ८ धरा, आणि तांब्याची ४०० च्या आसपास. म्हणजे पेस्ट हवेपेक्षा तीनशे पट चांगली पण तांब्यापेक्षा पन्नास पट वाईट. यातच सगळं आलं. पेस्ट फक्त हवा हाकलायला आहे, जिथे धातू धातूला टेकतोय तिथे मध्ये जाड थर नको, आणि तो थर पातळ करायचं काम कूलरचा दाब करतो, तुमचं बोट नाही.

आता मोजायचं कसं. विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, सुरू करताना "सेन्सर्स ओन्ली" वर टिक करा, नाहीतर शंभर खिडक्या उघडतात. त्यात सीपीयूचं म्हणजे प्रोसेसरचं टेम्परेचर, क्लॉक म्हणजे त्याचा वेग, आणि फॅनचा आरपीएम दिसतो, मॅक्सिममचा कॉलम वेगळा असतो तो बघायचा. साधंच हवं असेल तर कोअर टेम्प पण चालेल. मग दहा मिनिटं सिनेबेंच (प्रोसेसरला मुद्दाम पूर्ण राबवणारं टेस्टचं सॉफ्टवेअर) लावा, किंवा तुमचं जे रोजचं जड काम असेल ते करा, आणि कागदावर चार गोष्टी लिहा: खोलीचं टेम्परेचर, काही न करता असतानाचं टेम्परेचर, लोडवरचं म्हणजे जड काम चालू असतानाचं टेम्परेचर, आणि लोडवर क्लॉक किती राहिला. मोबाईलमध्ये नको, कागदावरच लिहा, कारण मशीन उघडं पडलेलं असताना हात खराब असतात आणि कागद समोर दिसतो.

खोलीचं टेम्परेचर का लिहायचं हे मुंबईत राहणाऱ्याने खास लक्षात ठेवावं. प्रोसेसरचा फॅनवाला कूलर कितीही भारी असो, तो खोलीच्या हवेपेक्षा थंड काहीच करू शकत नाही, तो फक्त खोलीच्या वर किती डिग्री चढायचं ते ठरवतो. जानेवारीत सकाळी खोलीत २३ डिग्री आहे आणि मे मध्ये दुपारी पंखा लावून पण ३३, तर तीच पेस्ट, तोच कूलर, तेच काम, तरी प्रोसेसर साधारण दहा डिग्री जास्त दाखवणार. लोक मे मध्ये घाबरून पेस्ट बदलतात, मग पाऊस पडला, हवा थोडी उतरली की म्हणतात पेस्ट मस्त आहे हां. त्यामुळे तुलना करायची ती नेहमी "खोलीपेक्षा किती वर" अशी. तापमान दाखवणारं छोटं डिजिटल घड्याळ मिळतं ते टेबलावर ठेवलं तरी पुरतं, फक्त कॉम्प्युटरच्या मागे गरम हवा येते तिथे ठेवू नका.

किती म्हणजे जास्त? इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० डिग्री सेल्सिअसच्या आसपास असते, तिथे पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो, त्याला थ्रॉटलिंग म्हणतात, आणि तरीही वाढलंच तर जीव वाचवायला बंद होतो. एएमडी या दुसऱ्या कंपनीचे रायझेन ७००० सिरीजवाले प्रोसेसर मात्र मुद्दाम ९५ पर्यंत जायला बनवलेत, ते लोडवर ९५ दाखवत असतील आणि क्लॉक नीट असेल तर तो बिघाड नाही. साधा ६५ वॅटचा प्रोसेसर, त्याच्याच बॉक्समधून आलेला कूलर, मुंबईचा उन्हाळा, यात लोडवर ८० च्या आसपास दिसलं तर मी त्याला हात लावत नाही. नुसतं गाणी ऐकताना किंवा वर्डमध्ये टाइप करताना ७०-७५ दाखवत असेल तर मात्र काहीतरी नक्की बिघडलंय.

मामाच्या मशीनचं मोजलं तेव्हा खोलीत ३२, काही न करता ६१, आणि पत्रिकेची मोठी फाइल उघडून सिनेबेंच लावला तर दोन मिनिटांत ९७, क्लॉक खाली, फॅन मिक्सरसारखा ओरडतोय.

इथे पेस्टची ट्यूब आणायला पळू नका. आधी कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढा (आपण सगळे ज्याला सीपीयू म्हणतो तो डबा म्हणजे कॅबिनेट, खरा सीपीयू म्हणजे आत बसलेला प्रोसेसर) आणि झाकण उघडं ठेवून तीच टेस्ट परत करा. टेम्परेचर सात-आठ डिग्रीने खाली आलं तर अडचण हवा खेळण्याची आहे, पेस्टची नाही, मग टेबलाच्या बंद कप्प्यातून कॅबिनेट बाहेर काढा, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, मागचा फॅन चालतोय का बघा. आपल्याकडे वन बीएचकेमध्ये जागा नसते म्हणून कॅबिनेट पलंगाखाली नाहीतर कपाटाच्या खबदाडात ढकललेलं असतं, बिचारं तीच गरम हवा परत परत खेचत असतं.

मामाच्या घरी झाकण काढून फक्त दोन-तीन डिग्रीचा फरक पडला. मग टॉर्च मारला आणि कूलरच्या पात्यांच्या खाली बघितलं तर अॅल्युमिनियमच्या फटी दिसतच नव्हत्या, करड्या धुळीचा अख्खा थर, हाताला किंचित तेलकट. कॉम्प्युटरच्या शेजारीच देव्हारा आहे, रोज दोन वेळा अगरबत्ती, धूप, आणि पलीकडे स्वयंपाकघर, म्हणजे काजळी आणि फोडणीचा धूर दोन्ही फॅनने ओढलेलं. मुंबईची हवा दमट, त्यामुळे धूळ सुटी राहत नाही, चिकटून बसते, नुसत्या फुंकरीने जात नाही.

धूळ काढायची म्हणजे घरातला ब्लोअर आणि रंगवायचा मऊ ब्रश. मशीन बंद, प्लग काढलेला, आणि बाल्कनीत किंवा गॅलरीत न्या नाहीतर घरचे ओरडतील. ब्लोअर मारताना फॅनचं पातं एका बोटाने धरून ठेवायचं हे विसरू नका, मोकळं सोडलं तर पातं वाट्टेल त्या वेगाने फिरतं आणि बेअरिंगची वाट लागते. ओलं फडकं, कॉलिन वगैरे आत अजिबात नाही. मामाचा फक्त हा कचरा काढला आणि परत मोजलं तर ९७ वरून ८६. अजून पेस्टला हातही लावला नव्हता.

तरी ८६ हे त्या सहाव्या पिढीच्या साध्या आय५ ला जरा जास्तच वाटत होतं, म्हणून कूलर हलवून बघितला. एका कोपऱ्यात डुगडुगत होता. इंटेलच्या बॉक्समधल्या गोल कूलरला चार काळ्या प्लॅस्टिकच्या पुशपिन असतात, त्यातली एक अर्धवट वर आली होती, म्हणजे कूलर एका बाजूने उचललेला आणि तिथे पेस्ट सुकून चुन्याच्या पापुद्र्यासारखी झालेली. ही पिन वर येणं फार कॉमन आहे, घर बदललं, टेम्पोतून मशीन नेलं, की हमखास होतं. तुमच्याकडे हा कूलर असेल तर चारही कोपरे हलकेच दाबून बघाच.

आता खरी पेस्ट बदलायचीच असं ठरलं, तर आधी खरेदी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला पर्याय नाही, पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं पण कोणालाही विचारताना लॅमिंग्टन रोडच म्हणा, ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरून चालत जायचं. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, शनिवारी लवकर गेलेलं बरं. तिथे काउंटरवर "पेस्ट द्या" म्हटलं तर कधी कधी छोट्या डबीत किंवा पुडीत पांढरी पेस्ट काढून देतात. ती पांढरी सिलिकॉनची हीटसिंक पेस्ट आहे, अॅम्प्लिफायरच्या ट्रान्झिस्टरला, पॉवर सप्लायला ती ठीक, जुन्या मशीनला तात्पुरती पण चालून जाते, पण प्रोसेसरसाठी मी घेत नाही, लवकर सुकते.

मी काय घेतो? आर्क्टिक एमएक्स-४ किंवा एमएक्स-६, नॉक्टुआची एनटी-एच१ किंवा एच२, यातलं जे दुकानात असेल आणि बजेटमध्ये बसेल ते, कमी पैशात हवी असेल तर डीपकूल किंवा कूलर मास्टरची सिरिंजवाली पण रोजच्या कामाला पुरेशी आहे. या सगळ्या वीज न वाहणाऱ्या आहेत, म्हणजे चुकून मदरबोर्डवर थेंब पडला तरी शॉर्ट होत नाही, पहिल्यांदाच करणाऱ्यासाठी हीच सगळ्यात मोठी गोष्ट. चांगल्या पेस्ट एकमेकींपेक्षा दोन-चार डिग्रीने इकडे-तिकडे, त्यासाठी दुप्पट पैसे मोजायची गरज नाही. पाकिटावर ८.५, १२.५ असे आकडे छापलेले असतात, ते प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने मोजते, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून निवड करण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा पेस्ट किती वर्षं टिकते ते बघा, एमएक्स-४ साठी कंपनी ८ वर्षं सांगते, नॉक्टुआ प्रोसेसरवर ५ वर्षांपर्यंत म्हणते. आपल्या गरम खोल्यांमध्ये मी त्यातून थोडं कमीच धरतो. ट्यूब एक ग्रॅमची घ्या, त्यात दोन-तीन वेळा आरामात होतं, चार ग्रॅमची तेव्हाच घ्या जेव्हा मित्रमंडळी आणि नातेवाईक रांगेत आहेत.

नकली माल फिरतो, विशेषतः नावाजलेल्या पेस्टचा. ट्यूबवरची छपाई पुसट, टोपण सैल, किंमत नेहमीपेक्षा अर्धी, असं दिसलं तर सोडा. फुटपाथवरची घेऊ नका, बिल देणाऱ्या दुकानातून घ्या.

एक कळकळीची विनंती, लिक्विड मेटलच्या (पेस्टऐवजी लावायचा पातळ धातू) नादी लागू नका. ते पेस्टच्या कितीतरी पुढे आहे हे खरं, थर्मल ग्रिझलीच्या कंडक्टोनॉटचा आकडा ७३ आहे, पण त्यात गॅलियम असतं, ते अॅल्युमिनियम अक्षरशः खातं, आणि बॉक्समधल्या बऱ्याच कूलरचा तळ अॅल्युमिनियमचाच असतो. वर ते वीज वाहतं, एक थेंब सरकला की मदरबोर्ड गेला. आणि टूथपेस्टचा उपाय कोणी सांगितला तर ऐकू नका, पहिले काही तास टेम्परेचर छान दिसतं, मग त्यातलं पाणी उडतं आणि खडू उरतो.

पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, सगळे आयपीए म्हणतात, ९९ टक्केवालं. लॅमिंग्टन रोडला मोबाइल रिपेअरिंगचं सामान विकणाऱ्यांकडे बाटलीत मिळतं. सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं, चिकट थर राहतो. नेलपॉलिश रिमूव्हर पण नको, प्लॅस्टिक खराब करतं. आयपीए पेट घेतं, तेव्हा त्या वेळी देव्हाऱ्यातला दिवा, अगरबत्ती विझलेली असू दे, खिडकी उघडी ठेवा. बाकी मऊ टिश्यू किंवा जुन्या बनियनचा धुतलेला तुकडा, स्क्रू ड्रायव्हर, आणि स्क्रू ठेवायला एक वाटी.

कूलर काढायच्या आधी दहा मिनिटं मशीन चालवून गरम करून घ्या, मग शट डाउन, मागचं बटण बंद, प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा म्हणजे उरलासुरला करंट निघून जातो. कॅबिनेट आडवं झोपवा. आत हात घालायच्या आधी कॅबिनेटच्या न रंगवलेल्या धातूला हात लावा, मुंबईच्या दमट हवेत स्टॅटिक कमीच असतं पण एसीच्या खोलीत आणि नायलॉनच्या कपड्यात होतं. फॅनची वायर मदरबोर्डवर कुठे लावलेली होती त्याचा फोटो काढा आणि मग काढा.

गरम करायचं का, तर हे मी नुकसान करून शिकलोय. मित्राचं रायझेन ५ ३६०० होतं, एएमडीचं एएम४ सॉकेट (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसायची जागा), मी थंड मशीनवर चार स्क्रू काढले आणि कूलर सरळ वर ओढला. सुकलेल्या पेस्टने प्रोसेसर घट्ट धरून ठेवला होता, प्रोसेसर अडकवायचा लिव्हर बंद असताना तो सॉकेटमधून उपटून कूलरसकट माझ्या हातात आला. एएम४ प्रोसेसरच्या खाली १३३१ बारीक पिन असतात, त्यातल्या सहा वाकल्या. दिव्याखाली बसून मेकॅनिकल पेन्सिलच्या पोकळ टोकाने एकेक पिन सरळ करायला दीड तास लागला, शेजारी मित्र एक शब्द न बोलता बसून होता, ते अजून डोळ्यासमोर आहे. चालू झाला, पण नशीब. म्हणून एएम४ असेल तर गरम करा, स्क्रू काढा, आणि कूलर वर न ओढता बरणीचं झाकण फिरवतो तसा डावीकडे-उजवीकडे हळू फिरवा, पेस्ट सुटल्याचं हाताला कळतं, मग उचला. नवीन एएम५ आणि इंटेलमध्ये प्रोसेसर धातूच्या चौकटीत अडकवलेला असतो, उपटून येत नाही, तरी फिरवूनच काढा.

अजून एक, एएम४ वर एएमडीच्या स्क्रूवाल्या कूलरचे चारही स्क्रू काढले की मदरबोर्डच्या मागची धातूची पट्टी सुटी होऊन मागे पडू शकते. शेवटचे स्क्रू काढताना एक हात मागच्या बाजूने त्या पट्टीवर ठेवा. इंटेलच्या पुशपिनला प्रत्येक पिनचं डोकं बाणाच्या दिशेने, म्हणजे घड्याळाच्या उलट, पाव वळण फिरवायचं आणि वर खेचायचं.

प्रोसेसर सॉकेटमधून काढायचा नाही. हे मी मुद्दाम वेगळं लिहितोय. पेस्ट पुसायला तो काढावा लागत नाही, आणि इंटेलच्या सॉकेटमधल्या पिना इतक्या नाजूक असतात की टिश्यूचा एक धागा अडकला तरी वाकतात. बसलेल्या जागीच पुसा. आधी कोरड्या टिश्यूने जाडसर पेस्ट उचला, बाहेरून मधल्या बाजूला, म्हणजे कडेवरून खाली जात नाही. मग टिश्यूवर आयपीएचे दोन-तीन थेंब, प्रोसेसरवर थेट ओतायचं नाही. टिश्यू काळपट येतोय तोवर नवीन टिश्यू घेत राहा, शेवटचा पांढरा आला की झालं. कूलरचा तळही तसाच. मामाच्या कूलरवर पापुद्रे इतके कडक होते की आयपीएने भिजवलेला टिश्यू पाच मिनिटं वर ठेवून दिला, मग निघाले. नखाने, ब्लेडने, स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका. पुसल्यावर बोट लावू नका, बोटाचं तेल राहतं.

किती लावायची? इंग्रजी व्हिडिओत वाटाण्याएवढी म्हणतात, आणि आपल्याकडे लोक मटारचा ताजा टपोरा दाणा डोळ्यासमोर आणतात, ते फार होतं. जुन्या चौकोनी इंटेलला आणि एएम४ ला मधोमध तुरीच्या दाण्याएवढा एक ठिपका पुरतो. एलजीए १७०० चे म्हणजे इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीचे प्रोसेसर लांबट आहेत, ४५ बाय ३७.५ मिलिमीटर, त्यांना एक ठिपका कोपऱ्यांपर्यंत पोचत नाही, तिथे बारीक फुलीचा आकार काढा, किंवा मध्ये एक मुगाएवढा आणि चार कोपऱ्यांकडे साबुदाण्याहून बारीक चार ठिपके. एएम५ च्या झाकणाला कडेने खाचा असतात, तिथे पेस्ट घुसली तर साफ करायचा कंटाळा, म्हणून कडेपासून लांब राहा. मेंदीचा कोन दाबतो तशी सिरिंज हळू दाबा, सुरुवातीला अडते आणि मग एकदम भसकन येते, म्हणून पहिला थेंब कागदावर काढून बघा. थोडी जास्त झाली तर कडेने बाहेर येईल, पुसता येईल, कमी पडली तर एक कोपरा कोरडा राहील, तेव्हा चुकायचं तर जास्तीच्या बाजूने चुका. बोटाने किंवा कार्डाने पसरवत बसू नका, त्यात हवेचे बुडबुडे अडकतात.

कूलर नवीन असेल तर तळाला चिकटवलेली पारदर्शक फिल्म काढा, चांगल्या चांगल्यांची ही राहून जाते आणि मशीन मिनिटभरात शंभरवर पोचतं. नवीन कूलरच्या तळाला कंपनीनेच करड्या पेस्टचा पट्टा लावलेला असेल तर त्यावर दुसरी लावायची नाही, तीच चांगली असते.

बसवताना कूलर सरळ वरून खाली, एकदाच. टेकला की परत उचलून "पसरली का" बघायचं नाही, उचललात तर आत हवा गेली, पुसून पुन्हा पहिल्यापासून. स्क्रू असतील तर तिरपे: वरचा डावा दोन वळणं, मग खालचा उजवा दोन वळणं, मग उरलेले दोन तसेच, असं फिरत फिरत, म्हणजे दाब चारही बाजूंनी सारखा येतो. एकच स्क्रू पूर्ण आवळलात तर कूलर तिरका बसतो आणि पेस्ट एका बाजूला ढकलली जाते. पुशपिनला आधी डोकी मूळ जागी फिरवून घ्या, मग समोरासमोरच्या दोन एकदम दाबा, टक् असा आवाज यायला हवा, मग दुसऱ्या दोन. टॉर्च घेऊन मदरबोर्डच्या मागून बघा, चारही पांढरे पाय आरपार येऊन मधल्या काळ्या पिनने फाकलेले दिसले पाहिजेत. मामाच्या एका पिनचं टोक झिजलं होतं, चार पिनचा सुटा सेट लॅमिंग्टन रोडलाच मिळाला, अगदी किरकोळ पैशात.

फॅनची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या जागीच लावा, नाहीतर चालू करताच फॅन एरर येईल. चालू केल्यावर आधी बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधीची सेटिंगची स्क्रीन) जाऊन टेम्परेचर बघा, भराभर चढत ८०-९० कडे जात असेल तर लगेच बंद करा, कूलर टेकलेला नाही. ठीक असेल तर विंडोजमध्ये तीच सुरुवातीची टेस्ट, तेवढीच दहा मिनिटं, खोलीचं टेम्परेचर लिहून. काही पेस्टला बसायला वेळ लागतो, आर्क्टिक सिल्व्हर ५ साठी तर कंपनीच २०० तासांपर्यंत सांगते, एमएक्स किंवा नॉक्टुआला तसं काही नाही, पहिल्याच दिवशी खरा आकडा दिसतो.

मामाचं शेवटी खोलीत ३२ असताना लोडवर ७२ आलं, ९७ वरून. त्यातले अकरा डिग्री नुसत्या धुळीचे, बाकी चौदा पिन आणि पेस्ट मिळून. मामा फॅनचा आवाज ऐकून म्हणाला, "चालू आहे ना नक्की?"

सगळं नीट करूनही टेम्परेचर उतरलं नाही तर प्रोसेसर कुठला आहे बघा. इंटेलने २०१२ मध्ये तिसऱ्या पिढीपासून नेहमीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये झाकणाच्या आत सोल्डरऐवजी पेस्ट वापरायला सुरुवात केली आणि २०१८ मध्ये नवव्या पिढीच्या वरच्या मॉडेल्सपासून परत सोल्डर आणलं. त्या मधल्या पिढ्यांमध्ये आतली पेस्ट जुनी झाली तर वरची कितीही भारी लावा, फरक मर्यादितच पडतो. झाकण उघडायचा प्रकार घरी करू नका, जरा मोठा कूलर लावा आणि सोडून द्या.

ग्राफिक्स कार्डाची पेस्ट हे वेगळं प्रकरण आहे, तिथे मेमरीवर रबरासारखे पॅड असतात, त्यांची जाडी चुकली तर चिप आणि कूलरमध्ये फट राहते, आणि वॉरंटी असताना स्क्रूवरचा स्टिकर फाडायचा की नाही हा प्रश्न आहेच. पहिलाच प्रयोग त्यावर नको.

किती दिवसांनी बदलायची, तर धूळ दर दिवाळीला घर आवरताना काढा, आणि देव्हारा किंवा किचन जवळ असेल तर गणपतीच्या आधी अजून एकदा. पेस्ट दरवर्षी बदलायची काही गरज नाही, तीन-चार वर्षांनी, किंवा कूलर कुठल्याही कारणाने निघाला की, किंवा तुमच्या कागदावरच्या आकड्यापेक्षा "खोलीच्या वर" दहा डिग्री वाढले आणि धूळ काढूनही उतरले नाहीत की. उरलेल्या ट्यूबचं टोपण घट्ट लावा, बाहेर आलेला थेंब पुसून, आणि कपाटात सावलीत ठेवा, खिडकीच्या उन्हात नको. ट्यूबवर उघडल्याची तारीख लिहा.

मामाच्या कॅबिनेटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मी एक चिठ्ठी चिकटवलीय, पत्रिकेच्याच जाड कागदाची: तारीख, पेस्टचं नाव, खोली ३२, साधं ४४, लोड ७२. खाली दोन ओळी रिकाम्या सोडल्यात, पुढच्या मे मध्ये मामा स्वतः मोजून भरणार आहे, घड्याळ त्याने घेतलंय.